बाबा यागा : तिसऱ्या लेव्हलच्या डावात कशी बसवावी?

गंगापूररोडकर
शनिवारी कॉलेज रोडला डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) डाव आहे. पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम, चार खेळाडू, पात्रं तिसऱ्या लेव्हलची म्हणजे अजून कच्ची, तीन तास. शेवटी बाबा यागाशी, म्हणजे रशियन लोककथांतल्या कोंबडीच्या पायांच्या झोपडीतल्या चेटकिणीशी, लढाई ठेवायची आहे. तिला खेळातल्या नाइट हॅग या चेटकिणीचे आकडे आणि तिच्या कुंपणावरच्या कवट्यांना फ्लेमस्कल या जळत्या कवटीचे, असं चालेल का?

फासेवाला
नाही चालणार. नाइट हॅगचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) 112, आणि चांदीचं किंवा जादूचं शस्त्र नसेल तर तलवारीचा मार निम्माच लागतो. फ्लेमस्कल त्याहून वाईट. त्याच्या फायरबॉलचा (आगीच्या गोळ्याचा) मार 8डी6, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28. तुमच्या विझार्डकडे (जादूगार पात्राकडे) हिट पॉइंट असणार 17 ते 20. शिवाय फोडलेला फ्लेमस्कल पवित्र पाणी शिंपडलं नाही तर तासाभरात पुन्हा उठतो.
कवट्या उजेडापुरत्याच ठेवा. वासिलिसा ही बाबा यागाकडे विस्तव मागायला गेलेली मुलगी; तिच्या कथेत तो विस्तव कवटीतूनच मिळतो. तेच बक्षीस द्या.

उंबरठा
मुळात ही आपली हडळ नव्हे. घरी आलेल्याला ती काम सांगते. जमलं तर मदत, नाही तर जेवणात तोच. म्हणून लढाईऐवजी काम द्या. कथेत मातीतून खसखस वेचायची असते, पण खसखशीचे भाव बघता दोन मुठी नाचणीत चमचाभर मोहरी मिसळा. वेळ पाच मिनिटं.

गंगापूररोडकर
कुणी चाळणी मागितली तर?

उंबरठा
द्या खुशाल. दाणे जवळपास एकाच मापाचे, चाळून सुटत नाहीत. पाच मिनिटं पुरू नयेत हाच बेत आहे. वासिलिसा बाहुलीला घास भरवते आणि बाहुली काम करते. दुसऱ्या एका कथेत मांजराला मांस, कुत्र्यांना पाव आणि फाटकाच्या बिजागरीला तेल मिळतं, म्हणून मुलगी सुटते. झोपडीत भुकेलं मांजर ठेवा. ज्यानं आपल्या शिदोरीतलं त्याला दिलं, त्याचं काम झालं. मात्र मांजराचा उल्लेख आधी दोनदा करा, नाही तर सगळे मोहरीतच डोकं घालून बसतात.

फासेवाला
घड्याळ म्हणून तिचे तीन घोडेस्वार वापरा : पांढरा पहाट, तांबडा सूर्य, काळा रात्र. दर 40 मिनिटांनी एक. काळा आला की ती घरी.
खेळाडूंनी तिला विचारायचे प्रश्न तीनच, तेही घराबाहेर दिसलेल्या गोष्टींबद्दल. घरातलं विचारलं की एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी, सहावीला मरण.
आणि झोपडीचं दार रानाकडे ठेवा. “झोपडी गं झोपडी, पाठ रानाकडे, तोंड माझ्याकडे” म्हटल्याशिवाय कोंबडीचे पाय वळत नाहीत. ही ओळ वाटेतल्या एखाद्या म्हातारीच्या तोंडी आधीच घाला, नाही तर पहिला अर्धा तास भिंतीवर चढण्यात जाईल.