मचूळ पाणी सोडलं की तेल जास्त निघतं? मला पटत नाही

कातळवेडा: जमिनीखालच्या तेलसाठ्याचा दाब टिकवायला आणि तेल विहिरीकडे रेटायला त्यात पाणी सोडतात, हे जुनंच. हल्लीचं खूळ म्हणजे त्या पाण्यातले क्षार कमी करायचे. प्रयोगशाळेत जमतं, मीही केलंय. वाळूखडकाचा दीड इंच जाडीचा दंडगोल, आधी खारं पाणी, तेल थांबलं की मचूळ. नळीत पुन्हा चार थेंब तेल आले की सगळे खूश! पण नॉर्वेच्या स्नोरे तेलक्षेत्रात प्रत्यक्ष विहिरीत तपासलं तेव्हा फरक जवळपास दिसलाच नाही.

झिरपा: स्नोरेचं अर्धंच सांगताय. तो खडक समुद्राच्या पाण्यानेच छान धुतला जात होता, मग मचूळ पाण्याला काम काय उरणार? खडकाला तेल घट्ट धरून असलं तरच गंमत. चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार, तेलातल्या आम्लांवरही ऋण. दोघांना बांधतो मधला कॅल्शियम. क्षार घटले की ही गाठ सैल होते. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला क्लेअर रिज या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर २०१८ पासून उत्पादन सुरू आहे, तिथे ही योजना आराखड्यातच आहे. कंपन्या हौस म्हणून एवढी यंत्रं समुद्रात नेत नाहीत.

कातळवेडा: आराखड्यात असणं म्हणजे तेल हातात येणं नव्हे. आणि कारण तरी एक ठरवा! कुणी कॅल्शियम म्हणतं, कुणी पाण्याचा सामू, कुणी सुटलेले बारीक कण. माझ्या एका नमुन्यात तेल राहिलं बाजूला, चिकणमाती फुगून दाबमापकाचा काटाच चढत गेला.

खडूवाला: दोघेही गोडं की खारं यातच अडकलात. नॉर्वेच्याच एकोफिस्क तेलक्षेत्रात १९८७ पासून उत्तर समुद्राचं पाणी सोडतात, पुरतं खारं. साठा खडूच्या खडकातला, तापमान सुमारे १३० अंश. पाण्यातलं सल्फेट खडूच्या पृष्ठभागावर बसतं, कॅल्शियमला जवळ येऊ देतं आणि तेलाची आम्लं सुटतात. कोणते आयन आहेत ते बघा. (त्याच पाण्याने खडू मऊही होतो, तिथला समुद्रतळ खचलाय तो काही फक्त दाब घटल्यामुळे नाही.)

झिरपा: सल्फेटचं कौतुक जपून. साठ्यातल्या पाण्यात बेरियम असेल तर बेरियम सल्फेटची पुटं नळीत बसतात, ती आम्लानेही विरघळत नाहीत. म्हणून तर कित्येक ठिकाणी सल्फेट गाळून काढतात.

कातळवेडा: एकोफिस्क मान्य. पण तिथे क्षार कमी केलेच नव्हते, म्हणजे माझा मुद्दा शाबूत!