लक्ष्मी रस्ता दर रविवारी गाड्यांना बंद ठेवावा का?

पेठफिरस्ता
दरवर्षी ११ डिसेंबरला पुणे महापालिका पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा मधला पट्टा गाड्यांना बंद ठेवते. २०२१ पासून हे चालू आहे. वर्षातला एक दिवस पुरत नाही, हे दर रविवारी व्हायला हवं.

हा भाग पायीच बघायचा आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून निघा, लाल महाल, कसबा गणपती करत तांबट आळीत शिरा. राहत्या घरातच कारखाना. भांडं फिरवत कारागीर एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून देत जातो आणि तांब्यावर चकाकत्या खळ्यांची ओळ उमटते. हेच मठारकाम. पुढे फडके हौद, सोन्या मारुती, सिटी पोस्ट, बेलबाग, तुळशीबाग, मंडई. रमतगमत गेलं तरी सकाळ पुरते. पण सोन्या मारुतीपासून पुढे लक्ष्मी रस्त्यावर मान वर करायची सोय नाही. पदपथावर माल, रस्त्यावर दुचाक्या. वर जुन्या वाड्यांचे लाकडी सज्जे असतात आणि आपण मागचा हॉर्न ऐकत पायाखाली बघत चालतो.

नारायणपेठी
तुम्ही बघायला येता, आम्ही इथे राहतो. माझ्या आईला चार पायऱ्या उतरणं जड जातं. रस्ता बंद असला की रिक्षावाले आत येत नाहीत, सगळी वाहतूक केळकर रस्त्यावर आणि आमच्या बोळांत घुसते. गणपतीत रस्ते बंद, विसर्जनाला अख्खा दिवस आणि रात्र, पालख्या आल्या की पुन्हा बंद. ते आम्ही आनंदाने सोसतो, कारण तो आमचाच सण असतो. पण त्यात आणखी बावन्न रविवार? स्पष्ट विरोध.

तिसरी पिढी
आमचं कापडाचं दुकान आहे. लग्नाचा बस्ता बांधायला घरातली दहा माणसं येतात, परत जाताना पिशव्या मावत नाहीत. ती सगळी रविवारीच येतात. रविवारी गाड्या बंद म्हणजे हीच गिऱ्हाइकं उपनगरांतल्या मोठ्या दुकानांकडे वळणार. सोमवारी बंद करा म्हटलं तर चालायला कोण येणार?

मंडईवाली
दादा, २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि कसबा पेठ ही दोन्ही भुयारी मेट्रो स्थानकं चालू आहेत. पिंपरीहून थेट मंडईत उतरता येतं. बस्त्याला आलेली गाडी आज तरी तुमच्या दारात कुठे लागते? पार्किंग शोधून लांबूनच चालत येतात सगळे. तुळशीबागेत गाडी जात नाही, तिथे गिऱ्हाइकांची काय वाण आहे?

हौदावरून
माझा आक्षेप वेगळा आहे. चालायला आणि जुनं शहर बघायला म्हणून लक्ष्मी रस्ताच का? तो पेशवाईतला नाहीच, विसाव्या शतकात पेठांमधून काढलेला रस्ता आहे. जुनं पुणं आतल्या आळ्यांत आहे. कात्रजहून नळाने आणलेलं पाणी ज्या हौदांत यायचं, ते हौद आत आहेत. तांबट आळी, कसबा गणपतीचा परिसर, मंडईभोवतीचे रस्ते आधी मोकळे करा. त्यासाठी मोठी वाहतूक वळवावी लागत नाही. लक्ष्मी रस्ता बंद केला की फोटो चांगले येतात, म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात.

पेठफिरस्ता
आळ्यांचा मुद्दा मोलाचा आहे, त्या आधी घ्या. पण त्या आळ्यांना जोडणारा रस्ता हाच आहे, त्याला वगळून साखळी पुरी होत नाही. १८०७ सालचा विश्रामबागवाडा बघा. दर्शनी भागाचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे (सुरूदार) खांब, त्यांवरची केळफुलं, दारावरचा लाकडी सज्जा. हे पूर्ण दिसायला समोर, बाजीराव रस्त्याच्या पलीकडे थांबावं लागतं, आणि तिथे गर्दी कोणाला थांबू देत नाही.

नारायणपेठींसाठी: रहिवाशांना पास, ज्येष्ठांना रिक्षा, रुग्णवाहिकेला कायम मोकळी मार्गिका. याशिवाय बंदी नको, हे मलाही मान्य. दुकानदारांसाठी माल उतरवायला सकाळची वेळ ठरवता येईल. बस्त्याच्या गाडीसाठी मात्र सवलत नको.

तिसरी पिढी
म्हणजे नुकसान आम्हीच सोसायचं! आधी तीन महिने फक्त दुपारी एकपर्यंत करून बघा आणि आमच्या गल्ल्याचे आकडे आमच्यासमोर मांडा.

नारायणपेठी
पास आणि रिक्षा आधी लेखी येऊ द्यात. गणपतीचा महिना पूर्ण वगळा. बंदीच्या दिवशी आमच्या बोळाच्या तोंडाशी वाहतूक पोलीस उभा हवा, नाहीतर लक्ष्मी रस्त्यावरच्या सगळ्या दुचाक्या आमच्या दारात येतील. तोवर माझा विरोध कायम.