मदत हवी आहे: लेकीच्या सोनोग्राफीत पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी लांबते तो अंडाशयाचा आजार) आलंय

लेक सोळाची, अकरावीत. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली, तेव्हापासून मागेपुढेच. यंदा मात्र गणपतीत आली ती थेट नाताळात. हनुवटीवर राठ केस येतात. मानेमागे काळं झालंय, ते मी मळ समजून दर रविवारी बेसन-दही लावून घासायचे. पोर कळवळायची. डॉक्टर बघताक्षणी म्हणाल्या, हा मळ नाही, इन्सुलिनमुळे आहे. इतकं अपराधी वाटलं!

तीन महिने हार्मोनच्या गोळ्या आणि इन्सुलिनसाठी मेटफॉर्मिन दिलंय. बाहेर पंचवीस पेशंट, त्यामुळे विचारायचं राहून गेलं. अंडाशयातल्या गाठी काढाव्या लागतात का? आणि पाकिटावर ‘गर्भनिरोधक’ छापलंय ते सासूबाईंनी वाचलं. ‘पुढे मूल होणार नाही’ म्हणून घर डोक्यावर घेतलंय. गोळ्या सुरू करू की नको?

---

ताई, मी डॉक्टर नाही, पण बारा वर्षं हेच भोगतेय. त्या गाठी नव्हेतच. अंड्यांच्या पिशव्या अर्धवट वाढून थांबतात, त्याच सोनोग्राफीत दिसतात. काढायचं काही नसतं. शिवाय पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत नुसत्या सोनोग्राफीवर निदान करत नाहीत, त्या वयात निरोगी मुलींचीही अंडाशयं तशी दिसू शकतात. लांबलेली पाळी आणि राठ केस, खरं निदान त्यावरून. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन या हार्मोनच्या रक्ततपासण्या केल्यात का? ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती शुगरही विचारा, मान काळी आहे म्हणून.

गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. महिनोन्महिने पाळी आली नाही की गर्भाशयाचं अस्तर साचत जातं, ते साचू नये म्हणून त्या देतात. आजार मुळातून जात नाही, बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबू शकते, हे मनाशी धरून ठेवा. अर्धशिशी असेल किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिन जेवणासोबत द्या, नाहीतर पोट बिघडतं. मी उपाशीपोटी घेऊन बसस्टॉपवर उलटी केली होती.

मीही कॉलेजात याच गोळ्या घेतल्या. पुढे लेट्रोझोल नावाच्या औषधाने अंडं तयार झालं. मुलगा अडीच वर्षांचा आहे, आत्ता फोन ओढतोय.

---

थायरॉईड नॉर्मल आहे, बाकीचं केलेलं नाही. सोमवारी विचारते. सासूबाईंना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ‘बघू’ म्हणाल्या.