उपाशी मुलांसाठी वॉक काढायचाय, पण पैसे नेमके द्यायचे कुठे?

टेकडीवाली
नमस्कार मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. आम्ही कोथरूडच्या दहाबारा जणी रोज सकाळी टेकडीवर चालायला जातो. त्यातली एक म्हणाली एक रविवार उपाशी मुलांसाठी चालू, सगळ्या सोसायटीला घेऊन, पैसे गोळा करू, जगभर असे वॉक होतात म्हणे. कल्पना सगळ्यांनाच आवडली पण मला आतून खातंय. मागच्या वर्षी अशाच एका वॉकला माणशी ५०० रु. भरलेले, टीशर्ट मिळाला, मेडल मिळालं, वर इडलीवडा, आणि मुलांपर्यंत त्यातले किती गेले हे दोनदा मेल करून विचारलं तरी उत्तर नाही. यावेळी तसं व्हायला नकोय. कोणी अशा मोठ्या वॉकमध्ये चाललंय का? आणि इथे पैसे कुठे दिले तर खरंच पोराच्या पोटात जातील?

पवनचक्की
मी चाललोय. २००६ ला नोकरीनिमित्त हॉलंडमध्ये होतो तेव्हा 'वॉक द वर्ल्ड' झालेला, २१ मे, रविवार. यूनोचा जागतिक अन्न कार्यक्रम (तोच, ज्याला २०२० ला शांततेचं नोबेल मिळालं) आणि टीएनटी ही कुरिअरवाली डच कंपनी यांनी मिळून चालवलेला उपक्रम. एकाच दिवशी जगातल्या सगळ्या टाइमझोनमध्ये लोक चालणार, म्हणजे न्यूझीलंडकडे सकाळ झाली की ते निघणार, मग सूर्य सरकेल तसे पुढचे देश. आपण निघालो तेव्हा आशियातले लोक चालून घरी पोचलेत आणि अमेरिकेतले अजून उठायचेत, हे डोक्यात आलं की अंगावर काटा यायचा, खरंच.

पण तुमच्या प्रश्नाला धरून सांगतो. माझ्या शेजारी एक सहासात वर्षांची मुलगी चालत होती, हातात घडी घातलेला कागद, त्यावर तिने स्वतः शेजारीपाजारी फिरून लिहून आणलेली नावं, नावापुढे किलोमीटरमागे किती देणार तो आकडा. आजीचे सगळ्यात जास्त. पावसाच्या भुरभुरीने शाई पसरत होती तर तिने तो कागद जॅकेटच्या आत घातला. आणि पैसे कुठे जाणार हे तिलाही माहीत होतं, शाळेतल्या जेवणाला. बस, एवढंच एक काम. गरीब देशांतल्या शाळांमध्ये हा अन्न कार्यक्रम पोरांना जेवण देतो, काही ठिकाणी मुलीची हजेरी चांगली असेल तर घरी न्यायला धान्य किंवा तेलसुद्धा, म्हणजे आईबाप तिला घरी बसवत नाहीत. २००८ च्या सुमाराला त्यांनी लाल कपाची मोहीम काढली होती, २५ सेंटमध्ये एका पोराचा कप भरतो असं सांगायचे. तुम्हीही असंच एकच काम ठरवा आणि ते पत्रकावर मोठ्या अक्षरात लिहा.

झेडपीचा_मास्तर
ताई, टीशर्ट आधी कॅन्सल करा, तिथेच निम्मे पैसे जातात.

आपल्याकडे जगातली सगळ्यात मोठी शाळेतल्या जेवणाची योजना आहे हे शहरातल्या लोकांच्या लक्षातच नसतं. १५ ऑगस्ट १९९५ ला देशभर सुरू झाली, पण बऱ्याच राज्यांत पोरांना कोरडा तांदूळ वाटायचे, नोव्हेंबर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिजवलेलंच द्या म्हटलं तेव्हा चुली पेटल्या. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रोटीन असा हिशोब. तांदूळ येतो हो, अडतं ते वरच्या गोष्टींवर, भाजी, तेल, एखादं फळ. सोमवारी बघा, आमच्याकडे काही पोरं शनिवारच्या खिचडीनंतर धड जेवलेली नसतात, ताट घेऊन बसली की मान वर करत नाहीत, दुसऱ्यांदा वाढून घेतात मग बोलायला लागतात. सोमवारी गणित मी जेवणानंतर घेतो.

याच योजनेत तिथीभोजन म्हणून सोय आहे, कोणीही वाढदिवसाला वगैरे शाळेत पोरांना जेवण किंवा फळं, कडधान्य, गूळशेंगदाणे देऊ शकतं. मुख्याध्यापकांशी बोला, रोख देऊ नका, वस्तू द्या आणि स्वतः पंगतीला वाढायला या.

सातपुडा
मास्तरांचं बरोबर आहे पण शाळेत पोचण्याआधीच्या पोरांचं काय. मी मेळघाटात, धारणी तालुक्यात अंगणवाड्यांचं काम बघते. आमच्याकडे दंडाला गुंडाळायची एक पट्टी असते, हिरवा पिवळा लाल, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे मूल सॅममध्ये, तीव्र कुपोषित. पट्टी इतकी ओढली जाते की तिच्या भोकातून लाल रंग दिसला की पोटात कालवतं, आई आपल्या तोंडाकडे बघत असते. मग गावातल्याच बालविकास केंद्रात दिवसातून अनेकदा थोडं थोडं भरवायचं, आजारी असेल तर एनआरसीला, म्हणजे दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं. मूल सुधारायला लागतं आणि दिवाळी झाली की घर कामाला बाहेर निघतं, होळीला परत येतं तेव्हा पट्टी परत लाल.

ती घरं जातात कुठे? तुमच्याकडेच येतात ताई. बांधकामाच्या साइटवर, वीटभट्टीवर. म्हणून पैशाइतकंच हे करा, तुमच्या आसपासच्या साइटवर सहा वर्षांखालची किती पोरं आहेत ती बघा आणि जवळच्या अंगणवाडीत त्यांची नावं घाला. बाहेरगावची असली तरी घालता येतात, आईला हे कोणी सांगतच नाही आणि सांगितलं तरी हजेरी बुडवून ती जाणार कशी. तुम्ही सोबत जा.

टेकडीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार, सातपुडाताई तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला अकरा मजली काम चालू आहे, रोज तिथूनच चालत जातो आम्ही आणि पत्र्याच्या मागे पोरं दिसतात, कधी थांबलो नाही. आज संध्याकाळी दोघी जाऊन आलो, सात पोरं आहेत, दोन तर अजून कडेवरची. उद्या अंगणवाडीताईंना भेटतोय. वॉक टेकडीकडे न नेता महापालिकेच्या शाळेपाशी संपवायचा ठरलाय, टीशर्ट नाही, आणि किलोमीटरमागे आकडा लिहायचे कागद माझी लेक बनवतेय. मास्तर, शंभर पोरांना गूळशेंगदाण्याचे लाडू महिनाभर द्यायचे तर साधारण किती किलो शेंगदाणे लागतील?