मदत हवी आहे: हबक्कूक 2:4 आणि पौल

नमस्कार मंडळी. बायबलमधलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र वाचताना 1:17 पाशी अडलो आहे. ‘नीतिमान विश्वासाने जगेल’ हे पौल जुन्या करारातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातून घेतो. पण मूळ हिब्रूत ‘आपल्या एमुनाने’ असं आहे. एमुना म्हणजे नुसतं मानणं नव्हे, टिकून राहणं, निष्ठा. निर्गम 17:12 मध्ये मोशेचे हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, तिथे हाच शब्द येतो! (ते वाचल्यापासून हे डोक्यातून जात नाही.) जुन्या ग्रीक भाषांतरात ‘माझ्या’, म्हणजे देवाच्या निष्ठेने, असं आहे. पौल ‘आपल्या’ही घेत नाही आणि ‘माझ्या’ही नाही.

मग हे वगळणं मुद्दाम आहे का? की त्याच्यासमोरचा पाठच वेगळा होता? कुमरानच्या (मृत समुद्राजवळ सापडलेल्या जुन्या यहुदी गुंडाळ्यांमधल्या) हबक्कूकवरील भाष्यात हीच ओळ मोशेचं नियमशास्त्र पाळणाऱ्यांना लावली आहे, पौल गलती 3:11 मध्ये नेमकं उलटं करतो: नियमशास्त्राने कोणी नीतिमान ठरत नाही, हे दाखवायला तीच ओळ वापरतो.

उत्पत्ती 15:6 चंही तसंच (अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याचं नीतिमत्त्व गणला गेला, हे वचन). रोम 4 मध्ये पौल आणि याकोब 2 मध्ये याकोब, दोघे अब्राहामाचं तेच वचन घेऊन निरनिराळ्या दिशांना जातात: पौल विश्वासाकडे, याकोब कृतींकडे.

हिब्रू किंवा ग्रीक येणाऱ्या कुणी ‘पिस्तिस’ (एमुनासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द) इथे विश्वास समजावा की निष्ठा, हे उलगडून सांगाल का? मराठीत यावर काही वाचनीय असल्यास तेही सुचवा.