एकदा तारण झालं, मग रोजचा पश्चात्ताप कशाला?

नगरकर
जय ख्रिस्त. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की एक पोस्ट हमखास फिरू लागते. "वधस्तंभावर मागची-पुढची सगळी पापं मिटली. विश्वासणाऱ्याने पुन्हा क्षमा मागणं म्हणजे ख्रिस्ताच्या रक्तावर अविश्वास. १ योहान १:९ (पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) हे तारण, म्हणजे पापातून सुटका, न झालेल्यांसाठी आहे." खाली नुसती आमेनची रांग. आता मात्र गप्प बसवत नाही.

योहानाचं पत्र उघडा. "आपण आपली पापे पदरी घेतली" असं तो लिहितो, म्हणजे स्वतःलाही धरून बोलतो. लगेच पुढच्या अध्यायात "माझ्या मुलांनो" ही हाक आहे. परक्यांना कोणी अशी हाक मारत नाही. प्रकटीकरण २ आणि ३ बघा. सात मंडळ्यांपैकी इफिस, पर्गम, थुवतीरा, सार्दीस आणि लावदिकीया या पाचांना प्रभू पश्चात्ताप करायला सांगतो. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया एवढ्याच सुटल्या. शिमोन जादूगाराने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला (प्रेषित ८:१३), आणि नऊ वचनांनंतर पेत्र त्याला पश्चात्ताप कर म्हणून सुनावतो. बाप्तिस्म्यानंतर पश्चात्ताप नसता तर पेत्राने त्याला काय सांगितलं असतं?

कृपासागर
ती पोस्ट मीही पुढे पाठवली आहे, म्हणून उत्तर देतो. शिमोनाचा दाखला लंगडा आहे. "तुझे अंतःकरण देवाच्या दृष्टीने नीट नाही" असं पेत्रच म्हणतो, त्याचं तारण झालं होतं हे आधी सिद्ध करा. इब्री १०:१४ आणि १०:१७ सरळ आहेत: एकाच अर्पणाने सर्वकाळचं परिपूर्ण केलं, आणि पापं यापुढे आठवणार नाही. योहान १३:१० मध्ये स्नान झालेल्याला पुन्हा स्नानाची गरज नाही.

आमचा राग पश्चात्तापावर नाही, त्याच्या बाजारावर आहे. तीन रात्रींची सभा असते. तिन्ही रात्री पश्चात्तापासाठी पुढे बोलावतात आणि तिन्ही रात्री तीच माणसं रडत पुढे येतात. चौथ्या दिवशी त्यांना वाटतं की आपलं तारण झालंच नाही. या भीतीतून लोकांना सोडवायचं की नाही?

नगरकर
योहान १३:१० अर्धंच का वाचता? "पायांखेरीज" हा शब्द तिथेच आहे. आणि दोन वचनं आधी पाय धुवू न देणाऱ्या पेत्राला प्रभू सांगतो की मग माझ्याबरोबर तुला वाटा नाही. स्नान एकदा, पाय रोज. सभेतल्या रडारडीबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्यासाठी शिकवणच कापून टाकायची नसते.

वसईची लेक
आम्हा कॅथोलिकांना क्षमा झालीच नाही या भीतीचा हा रोग जुना ठाऊक आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला असताना आधीच सांगितलेली पापं पुन्हा पुन्हा आठवून आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचले होते. मागची पापं पुन्हा सांगायची नाहीत असं ठरवलं, तेव्हा सुटले. आजही अशा माणसाला फादर हेच सांगतात: पापनिवेदन ऐकणारा एकच फादर धर, आत्मपरीक्षणाला वेळेची मर्यादा घाल, एकदा क्षमा झालेलं उकरू नकोस.

पण बहुतेकांचा रोग उलटा असतो. परीक्षण न करताच पापनिवेदनाच्या रांगेत उभं राहायचं आणि आत जाऊन "चिडचिड होते, प्रार्थना चुकते" एवढं सांगून बाहेर यायचं. काहीजण नवऱ्याची किंवा जावेची पापं सांगतात. धर्मसभेच्या कायद्याचं ९८८ वं कलम गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या दोन्ही सांगायला लावतं. "खोटं बोललो" हे अपुरं आहे. शपथेवर बोललात का, त्यात दुसऱ्याचं नुकसान झालं का, एकदा की दर महिन्याला, हे सांगितल्याशिवाय फादरांना योग्य प्रायश्चित्त देता येत नाही. डॉक्टरला नुसतं "बरं वाटत नाही" सांगून औषध मागण्यातला हा प्रकार आहे.

कृपासागर
ताई, माणसाच्या कानात पाप सांगायचं हे कुठल्या वचनात आहे? मध्यस्थ एकच, १ तीमथ्य २:५.

नगरकर
कृपासागर, इथे मला ताईंच्या बाजूने बोलावं लागतंय, मनाविरुद्ध का होईना. प्रॉटेस्टंट सुधारक लूथरने १५१७ मध्ये आपल्या ९५ प्रबंधांपैकी पहिल्याच प्रबंधात विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं म्हटलं, आणि खाजगी पापनिवेदन त्याने कधी मोडीत काढलं नाही. लूथरनांच्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचं (त्यांच्या विश्वासाच्या अधिकृत निवेदनाचं) ११ वं कलम ते राखतं. फक्त प्रत्येक पाप मोजून सांगण्याची सक्ती नाही म्हणतं. प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात १५ व्या अध्यायात स्पष्ट आहे की मोघम पश्चात्तापावर समाधान मानू नये, एकेका पापाचं नाव घेऊन पश्चात्ताप करावा. आपल्या देवळात दर रविवारी सामुदायिक पापांगीकार होतो, सगळे एका सुरात म्हणतात, आणि कोणाच्याही डोळ्यांपुढे स्वतःचं एक पाप नसतं.

जमाखर्च_कोल्हापूर
सगळे कबुलीवरच अडलात. घेतलेलं परत कोण करणार? लेवीय ६:५ प्रमाणे मुद्दल अधिक एक पंचमांश, आणि तेही दोषार्पणाच्या त्याच दिवशी. ५०,००० लाटले असतील तर ६०,००० द्या. बैल चोरून विकला वा कापला तर पाच बैल, मेंढराला चार मेंढरं (निर्गम २२:१). जकातदार जक्कयाने चौपटीचा हिशेब आपण होऊन लावला. धनी मेला आणि वारसही नाही, तर गणना ५:८ नुसार रक्कम परमेश्वराची, ती याजकाकडे जाते. पळवाट ठेवलेलीच नाही.

आणि करचुकवेगिरी पाप नव्हे असं मानणारे आपल्यात भरपूर आहेत. २०२२ पासून आयकरात अपडेटेड रिटर्नची, म्हणजे राहिलेलं उत्पन्न नंतर दाखवण्याची, सोय आहे. आता चार वर्षांपर्यंत मागे जाता येतं. कर आणि व्याज यांवर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, मग ६० आणि ७० टक्के जादा. उशीर कराल तसा आकडा चढतो. मोशेचे २० टक्के यापेक्षा हलकेच होते.

मिशन_कंपाउंड
परतफेडीचं निघालंच आहे तर मिशनच्या जमिनींचं बोला. दोन गटांचे दोन चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याच्या नोंदीचे अर्ज) धर्मादाय आयुक्तांपुढे पडून असतात, दोन्ही गट स्वतःला खरे विश्वस्त म्हणवतात, आणि रविवारी प्रभूभोजनासाठी त्याच वेदीपुढे हात पुढे करतात. भावाने भावाला कोर्टात खेचू नये हे १ करिंथ ६ कोणी वाचत नाही का? मत्तय ५:२४ सांगतं की दान तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात पाळकाला स्पष्ट सूचना आहे: ज्यांच्यात वैर दिसतं त्यांना प्रभूभोजनाला येऊ देऊ नये, आणि एक मनापासून क्षमा करायला तयार असून दुसरा अडून बसला असेल तर तयार असलेल्याला घ्यावं, अडेलतट्टूला नाही. किती पाळकांनी ही सूचना पाळली?

नगरकर
विषय भरकटतोय. कोर्टात गेलेला प्रत्येक माणूस पापी नसतो. विकली जाणारी जमीन वाचवायला गेलेलेही आहेत.

मिशन_कंपाउंड
भरकटत नाही, हाच विषय आहे! पश्चात्ताप फक्त सिगारेट आणि सिनेमाचा करायचा, विश्वस्तपदाचा नाही? दहा गुंठे गिळून पश्चात्तापाचं एक्कावन्नावं स्तोत्र पाठ म्हणणाऱ्याचं देव ऐकतो असं वाटतं का तुम्हाला?

वसईची लेक
शांतपणे घ्या. आमच्याकडेही चोरी कबूल केली की फादर परतफेड विचारतात, आणि ती करण्याची तयारीच नसेल तर पापमुक्ती रोखून धरू शकतात. नाव उघड करायची भीती असेल तर पाकीट फादरांकडे द्यायचं, ते पोचवतात, कोणाचं ते सांगत नाहीत. पापनिवेदनाची गुप्तता थेट मोडणाऱ्या धर्मगुरूला आपोआप बहिष्काराची शिक्षा आहे. एकरकमी जमत नसेल तर हप्ते चालतात, पण पहिला हप्ता ताबडतोब. चूक इथेच होते. लोक पैसे दानपेटीत टाकतात आणि ज्याचं बुडवलं तो तसाच राहतो. धनी सापडत असेल तर पैसे त्याचेच, देवळाचे नव्हेत.

कृपासागर
परतफेड करावी, मान्य. पण ती क्षमेची किंमत ठरवाल तर आपण पुन्हा १५१७ च्या आधी, क्षमापत्रं विकली जात त्या काळात, जाऊन बसू. लूक १९ चा क्रम नीट बघा. पाचव्या वचनात येशू जक्कयाला आपण होऊन हाक मारतो, सहाव्यात तो घरात घेतो, चौपटीचं बोलणं आठव्यात आहे. आधी कृपा, मग पैसे.

जमाखर्च_कोल्हापूर
क्रम बरोबर आहे. पण "आज या घराला तारण प्राप्त झाले आहे" हे वाक्य नवव्या वचनात आहे, आठव्याच्या नंतर. ते पोस्टमध्ये घाला आणि मग पुन्हा पाठवा.