दादांच्या भजनाच्या 140 कॅसेट : 320 ची एमपीथ्री पुरेल की फ्लॅकच करू?

टाळकरी_तासगाव
नमस्कार मंडळी. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, 1986 ते 2003 गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलं. 140 कॅसेट आहेत, सगळ्या साठ मिनिटांच्या. दादा जाऊन पाच वर्षं झाली. मंडळातले आता दोघेच आहेत. दुसरी प्रत कुणाकडेच नाही.

दोन वर्षांपूर्वी पाच कॅसेट एका दुकानात दिल्या होत्या. त्यांनी 128 च्या (म्हणजे सेकंदाला 128 किलोबिट, आकडा लहान तितकी फाइल जास्त दाबलेली) एमपीथ्री करून दिल्या. ऐकल्या आणि जीव कळवळला. टाळ वाजल्यावर मागे जी लांब झणकार राहते ती गेलेली, नुसतं पाण्यात बुडवल्यासारखं 'श्श श्श'. दादा गातात तेही कांबळ्याआडून गायल्यासारखं. पखवाज तेवढा बरा वाटला.

आता डेक आणि साउंड कार्ड आणलंय, स्वतःच करणार आहे. मावसभाऊ म्हणतो, "कॅसेटमध्येच एवढी खरखर, तिथे लॉसलेस, म्हणजे काहीच न गाळणारं फ्लॅक, करून काय मिळणार? 320 कर, कुणाच्या बापाला फरक कळणार नाही." माझं वय 52. मला खरोखर फरक ऐकू येतोय, की दादांच्या मायेपोटी तसं वाटतंय? हे नक्की कसं ठरवायचं?

हिशेबनीस
आधी जागेचं बघा. 320 ची एमपीथ्री तासाला 144 एमबी, म्हणजे 140 तासांचे 20 जीबी. फ्लॅक तासाला साधारण 400 एमबी धरा, खरखरीमुळे कॅसेटची फाइल फार आटत नाही. म्हणजे 56 जीबी. 128 जीबीच्या पेनड्राइव्हवर दोन्ही मावतात. एवढ्यासाठी वाद कशाला?

जवारी
मी शास्त्रीय गाण्याच्या घरगुती बैठका रेकॉर्ड करते, आणि नेमका हाच प्रश्न मला चार वर्षांपूर्वी पडला होता. तुम्हाला टाळ खटकला आणि पखवाज खटकला नाही, यावरूनच तुमचे कान शाबूत आहेत हे कळतं.

मोठ्या आवाजाच्या आड बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. एमपीथ्री नेमका तो झाकलेला भाग ओबडधोबड करते आणि जागा वाचवते. गाणं, पेटी, तानपुरा यांत हे छान खपून जातं. टाळात खपत नाही. एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून काम करते. मोठा तुकडा 576 नमुन्यांचा (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप), म्हणजे सुमारे 13 मिलिसेकंदांचा. टाळ तुकड्याच्या मध्यावर पडला तरी ओबडधोबडपणा अख्ख्या तुकड्यात पसरतो, म्हणजे ठोक्याच्या आधीच्या शांततेतही. ठोक्यानंतरची घाण कान माफ करतो, आधीची फक्त दोन-चार मिलिसेकंद. त्यामुळे ठोका टोकदार न लागता आधीच थुंकी उडाल्यासारखा लागतो. अशा वेळी 192 नमुन्यांचे लहान तुकडे पाडायची सोय आहे, पण त्याला जास्त बिट लागतात आणि 128 मध्ये ते पुरत नाहीत. पाश्चात्त्य मंडळी याच कारणासाठी कोडेक (आवाज दाबायची पद्धत) कॅस्टनेट या टकटक वाजणाऱ्या हातवाद्याच्या आवाजावर तपासतात. आपल्याकडे टाळ आणि मंजिरी आहेतच.

वयाची चिंता सोडा. पन्नाशीनंतर 14 किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेकांना ऐकू येत नाही, पण ठोक्याची धार ओळखायला ते लागतही नाही.

आता ठरवायचं कसं. फूबार2000 या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणीची, म्हणजे कुठली फाइल वाजतेय ते न दाखवता ओळखायला लावण्याची, सोय जोडता येते. एकाच वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या मूळ फाइलपासून 128 आणि 320 बनवा. दुकानातली फाइल अजिबात घेऊ नका, तिचा डेक वेगळा, आवाजाची पातळी वेगळी. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो आणि तिथेच फसगत होते. नाव झाकून, मूळ वेव्ह की एमपीथ्री, हे 16 वेळा ओळखा. 12 किंवा जास्त बरोबर आले तर ते नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी. 8-9 आले तर नाणं उडवल्यासारखंच. माझे टाळाच्या तुकड्यावर 128 ला 15 आले, 192 ला 12, आणि 320 ला 8. मला 320 ओळखता येत नाही.

तरीही फ्लॅकच करा. उद्या खरखर कमी करायची, एखाद्या अभंगाचा तुकडा कापून नातवंडांना द्यायचा, तर दर वेळी एमपीथ्रीवर पुन्हा एमपीथ्री चढते आणि ओबडधोबडपणा साचत जातो. फ्लॅकमधून वेव्ह जशीच्या तशी परत निघते, एक बिट इकडचा तिकडे होत नाही.

वाटसरू७
आणि चाचणी वायरच्या हेडफोनवर घ्या. ब्लूटूथवर फ्लॅक लावलं तरी बहुतेक वेळा वाटेत पुन्हा कॉम्प्रेस होतंच.

हेडसेट_मिरज
माझी रेडिओ-टेप दुरुस्तीत तीस वर्षं गेली. तुम्ही सगळे फायलीत अडकलात. गाणं कांबळ्याआडून येतंय असं लिहिलंय ना, ते 128 मुळे नाही, ते हेडच्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाच्या, कोनामुळे. दादांच्या मशीनचं हेड जसं बसलं होतं तसंच वाजवणाऱ्या डेकचं हवं, नाहीतर वरचे सूर मरतात. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला बारका स्क्रू असतो. टाळ चालू असताना दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐका आणि तो स्क्रू केसाएवढा फिरवत जा. झणकार सगळ्यात उजळ लागली की थांबा. स्क्रूड्रायव्हर लोहचुंबकी नको. दादांनी मधे मशीन बदललं असेल तर त्या कॅसेटना पुन्हा जुळवावं लागेल. हेड आणि रबराचा रोलर आधी पुसून घ्या. हे चुकलं तर फ्लॅकमध्ये चुकीचाच आवाज जपून ठेवाल.

टाळकरी_तासगाव
पंधरा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

चाचणी 1991 च्या आषाढी एकादशीच्या कॅसेटवर घेतली. 128 ला 16 पैकी 14, 320 ला 9. म्हणजे मावसभावाचं 320 पुरतं खरं होतं, त्याला तसं सांगितलं. मंडळातले तात्या 81 वर्षांचे आहेत. त्यांना 16 वेळा बसवत नाही, म्हणून दोनदाच ऐकवलं. 128 लागली तेव्हा म्हणाले, "ह्यो टाळ आपला न्हाई." दुसऱ्या फाइलला नुसती मान हलवली आणि मांडीवर ठेका धरला.

पण खरा फरक मिरजकरांच्या स्क्रूने पाडला. पाव फेरासुद्धा लागला नाही. एका अभंगाआधी कुणीतरी बोलतंय एवढंच आजवर कळायचं. आता शब्द लागतात. दादा पखवाजवाल्यांना म्हणतायत, "आबा, जरा दमानं घ्या, पोरं मागं पडत्यात." त्या पोरांत मी होतो, तेव्हा नुकताच टाळ धरला होता.

फ्लॅकच करतोय. नऊ कॅसेट झाल्या. 1988 मधल्या दोन कॅसेटची टेप सुरुवातीलाच तुटली आहे, साधी चिकटपट्टी लावू नका असं वाचलंय. जोडायची खास टेप सांगली-मिरजेकडे कुणाकडे उरली असेल का?